बँकेचं ॲप आलं म्हणून वडिलांनी व्हॅल्युएशन सोडावं का?

प्रश्न सांगलीच्या एका तरुण सिव्हिल इंजिनिअरचा आहे. थोडक्यात असा: वडील ६१ वर्षांचे, तीसेक वर्षं बँकांच्या पॅनलवर (मान्य यादीवर) व्हॅल्युअर, म्हणजे कर्ज देण्याआधी मिळकतीची किंमत ठरवून देणारे. आजवर ते टेपने मोजायचे, डायरीत स्केच काढायचे, ऑफिसात येऊन रिपोर्ट तोंडी सांगायचे आणि मुलगा वर्डमध्ये टाइप करायचा. आता त्यांच्या दोन बँकांनी वर्डचा रिपोर्ट बंद केलाय. फोटो ॲपमधूनच काढायचे, लोकेशन जागेवरच पकडायचं, मग पोर्टलवरचे शेकड्यावर रकाने भरायचे. एक रकाना रिकामा राहिला तरी रिपोर्ट पुढे सरकत नाही. वडील म्हणतात, ‘हे कारकुनाचं काम झालं, मी सोडतो.’ मुलाला नोकरी सोडून हाच व्यवसाय पुढे चालवायचाय. तो विचारतो: वडिलांनी सोडावं का, मी यात पडावं का, आणि साधनं कोणती घ्यावीत?

मी कोल्हापुरात पंचवीस वर्षं हेच काम करते. टेपपासून सुरुवात केली, आज चार वेगवेगळ्या बँकांची चार वेगवेगळी ॲप माझ्या फोनवर आहेत आणि चारही एकमेकांशी बोलत नाहीत. त्यामुळे तुमच्या वडिलांचा वैताग मला पूर्ण कळतो. पण माझ्या मते त्यांचा खरा राग ॲपवर नाही. ॲप शिकायला आठवडा लागतो. त्यांचं गेलंय ते वेगळंच.

त्यांचा एखादा जुना रिपोर्ट काढून बघा. शेवटच्या पानावर एक परिच्छेद असणार. ‘सदर मिळकत मुख्य रस्त्यापासून आत असून बोळ अरुंद आहे, तथापि मंडई जवळ असल्याने मागणी चांगली आहे, इमारतीची देखभाल समाधानकारक, मात्र गच्चीला गळती आढळली…’ असा. तीस वर्षांचं शहाणपण त्या परिच्छेदात बसलेलं असायचं. मॅनेजर बाकीची पानं उलटून तेवढाच भाग वाचायचा आणि फोन करून विचारायचा, ‘काका, देऊ ना कर्ज?’ नव्या नमुन्याने त्या परिच्छेदाचे तुकडे केले आणि एकेक तुकडा एकेका रकान्यात टाकला. काही तुकड्यांना तर रकानाच मिळाला नाही. माणसाला कारकून झाल्यासारखं वाटतं ते त्यामुळे.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधी मान्य करते. वडिलांचं काम किती बँकांचं आहे आणि त्यातल्या किती पोर्टलवर गेल्यात, हे मला माहीत नाही. सहकारी बँका आणि पतसंस्थांचं काम बरंचसं असेल तर तिथे अजून छापील रिपोर्ट चालतो, घाई नाही. काम शहरातल्या फ्लॅटचं जास्त की खेडेगावातल्या गट नंबरांचं, यावरही बरंच ठरतं. कारण बहुतेक पोर्टल मोठ्या शहरातला टॉवर डोळ्यांसमोर ठेवून बनलेत. गावठाणातल्या दगडी, लोडबेअरिंग (म्हणजे भिंतींवरच उभ्या) घरासाठी ‘विंग’ आणि ‘लिफ्टची संख्या’ विचारतात आणि दोन्ही रकाने सक्तीचे असतात. मी विंगमध्ये ‘लागू नाही’ लिहिते. एका ठिकाणी तेही चालत नाही, तिथे नाइलाजाने ‘ए’. तिसरी गोष्ट, वडिलांचे गुडघे आणि डोळे. त्याचा निर्णय त्यांचा. गुडघ्यासाठी सोडत असतील तर मी काही बोलणार नाही. ॲपसाठी सोडत असतील तर मात्र थांबवा.

थांबवा असं का म्हणते? त्यांना ‘ओ-वन’बद्दल विचारा. संपत्ती कराच्या नियमांतला स्थावर मिळकतीच्या मूल्यांकनाचा तो नमुना, फॉर्म ओ-१. त्यात चाळीसहून जास्त प्रश्न होते: मूल्यांकनाचा हेतू काय, जमीन फ्रीहोल्ड की लीजवर, भाडेकरू कोण, भाडं किती, आसपासच्या विक्रीचे दाखले कोणते, दाखले नसतील तर जमिनीचा दर कशावरून धरला. म्हणजे रकाने त्यांच्या पिढीलाही होते. २०१५ च्या अर्थसंकल्पात संपत्ती कर गेला, तरी त्याच कायद्याच्या ३४एबी कलमाखालची व्हॅल्युअरची नोंदणी बँका अजून विचारतात, हे त्यांना ठाऊकच असेल. ओ-वनमध्ये आणि पोर्टलमध्ये फरक एवढाच की ओ-वन माणूस वाचायचा. पोर्टलवरचं उत्तर आधी मशीन वाचतं, आणि मशीनला ‘तथापि’ कळत नाही.

या ‘तथापि’चं काय करायचं, हा माझ्या मते तुमचा खरा प्रश्न. दोन उदाहरणं देते.

पहिलं चतुःसीमेचं, म्हणजे मिळकतीच्या चारी बाजूंना काय आहे त्याचं. पोर्टलवर तीन उभे रकाने असतात: दस्तानुसार, प्रत्यक्ष, आणि जुळते का, होय किंवा नाही. आता खरेदीखत १९८७ चं. त्यात लिहिलंय, ‘पूर्वेस अमुक यांची मिळकत’. त्या अमुकांनी घर विकून वीस वर्षं झाली, तिथे आज तीन मजली अपार्टमेंट उभं आहे. जुळते का? नावाने बघितलं तर नाही, जागेने बघितलं तर होय. नवशिका पटकन ‘नाही’ दाबतो, सिस्टीम लाल खूण दाखवते, फाइल कायदा विभागाकडे जाते आणि ग्राहक महिनाभर हेलपाटे घालतो. दुसरा नवशिका क्वेरी नको म्हणून डोळे मिटून ‘होय’ दाबतो आणि ‘प्रत्यक्ष’च्या रकान्यात दस्तातलंच नाव चिकटवतो. हा दुसरा जास्त धोकादायक, कारण त्याने पूर्वेला काय आहे ते बघितलंच नाही असा पुरावा स्वतःच्या हाताने तयार केला.

मी काय करते? ‘प्रत्यक्ष’मध्ये आज जे दिसतं ते, अपार्टमेंटच्या नावासकट. मग मिळकत पत्रिका किंवा सातबारा काढून पूर्वेकडचा सिटी सर्व्हे नंबर किंवा गट नंबर बघते. तो जुळला की ‘होय’, आणि शेऱ्यात एक ओळ: ‘दस्तातील पूर्वेकडील धारक बदलले आहेत, सि.स. नंबर तोच आहे.’ नंबर जुळला नाही, तर मात्र ‘नाही’ आणि फाइल थांबवते. एकदा एका बिनशेती लेआउटमध्ये मालकाने मला शेजारचा प्लॉट दाखवला होता. त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याने विकत घेताना एजंटने दाखवलेला खुंटच तो आपला समजत होता. कुंपण शेजाऱ्याचं, त्याचा प्लॉट मोकळा आणि गवताने भरलेला. महाभूनकाशावर (सरकारच्या ऑनलाइन जमीन-नकाशांवर) गट उघडून आणि रस्त्याच्या कोपऱ्यापासून प्लॉट मोजत आल्यावर ते कळलं. ॲपने त्या दिवशी चुकीच्या प्लॉटचंच लोकेशन अचूक पकडलं होतं.

दुसरं उदाहरण तुमच्या आणि माझ्या गावाचं, पुराचं. रकाना असा: ‘पूरप्रवण क्षेत्र, होय किंवा नाही’. सांगलीत कृष्णेच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोका पातळी आणि कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची, हे आकडे आपल्याकडे पाळण्यातल्या पोराला पाठ असतात. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. व्हीनस कॉर्नरला होड्या फिरल्या. तुमच्याकडे मारुती चौकाचं काय झालं ते तुम्ही बघितलंय.

आता अशा भागातला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. फ्लॅटमध्ये पाण्याचा थेंब नाही. पण पार्किंगमध्ये सात फूट पाणी, मीटर बोर्ड गेला, लिफ्टची मोटर गेली, आठ दिवस रहिवासी बाहेर. ‘होय’ दाबलं तर एका बँकेच्या पोर्टलवर फाइल आपोआप वरच्या ऑफिसला जाते. ‘नाही’ दाबलं तर ते खोटं. हे होय-नाहीत बसत नाही, आणि तुमचे वडील कारकून नाहीत हे दाखवण्याची जागा नेमकी हीच आहे.

मी ‘होय’ दाबते आणि शेऱ्यात मोजलेलं लिहिते. कोणत्या वर्षी पाणी आलं, जोत्यापासून किती फूट वर, खूण कुठे दिसते (कंपाउंडच्या भिंतीवर, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, जिथे असेल तिथे). मीटर नंतर वर घेतले का. मिळकत निळ्या रेषेच्या आत की निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतल्या. या दोन रेषांवर बांधकामाचे नियम बदलतात, आणि जुनी इमारत उद्या पाडायची झाली तर तिथे काय उभं राहू शकेल तेही बदलतं. कर्ज २० वर्षांचं आणि इमारत ३५ वर्षांची असेल तर ही गोष्ट बँकेला कळायलाच हवी. आणि शेवटी दराचं. त्याच गल्लीतले पुराच्या आधीचे आणि नंतरचे नोंदणी झालेले व्यवहार बघते. काही गल्ल्यांत दर दोन वर्षांत परत जागेवर आले, काहींत तळमजल्यांना गिऱ्हाईकच उरलं नाही. एकाच इमारतीत तळमजला आणि दुसरा मजला यांच्या दरात पूर्वी नसलेला फरक आता पडलाय. हे कुठल्याही रेडी रेकनरमध्ये (सरकारी दरपत्रकात) नाही. तुमच्या वडिलांच्या डोक्यात ते आहे. ते डोक्यातून शेऱ्यात कसं येईल, तेवढंच बघायचंय.

शेऱ्याचा रकाना बहुधा पाचशे अक्षरांचा असतो. ‘सदर मिळकतीबाबत असे नमूद करावेसे वाटते की’ एवढ्यातच त्यातली चाळीसेक अक्षरं संपतात. जुनी रिपोर्टी भाषा इथे परवडत नाही. आकडा, वर्ष, जागा, निष्कर्ष, बस. ज्याला जागाच पुरत नाही ते एका पानावर सही-शिक्क्यानिशी लिहून ‘इतर कागदपत्रे’मध्ये जोडायचं. ती सोय सहसा पोर्टलवर असते, आणि बहुतेक जण तिथे फक्त लाइट बिल चढवतात.

आता तंत्राचं. इथे मी स्वतः तोंडावर पडलेय, म्हणून ते सविस्तर सांगते.

लेझर मीटर घेतला त्या वर्षीची गोष्ट. टू बीएचके फ्लॅट, करारात कार्पेट (भिंतींच्या आतलं क्षेत्र) ५६१ चौरस फूट. मी लेझरने दहा मिनिटांत मोजला, खुशीत ऑफिसला आले, बेरीज ५२२. करारापेक्षा ३९ फूट कमी. मनात म्हटलं, बिल्डरने मारलं बिचाऱ्याला. रिपोर्टात ‘प्रत्यक्ष क्षेत्र करारापेक्षा कमी’ लिहिलं, कमी क्षेत्रावर किंमत काढली. तिथला दर चौरस फुटाला ५,५०० धरला होता, म्हणजे किंमत २,१४,५०० रुपयांनी खाली आणि ८० टक्क्यांच्या हिशोबाने कर्ज पावणेदोन लाखांच्या आसपास कमी. तीन दिवसांनी तो गृहस्थ स्वतः टेप घेऊन ऑफिसात आला. शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, माझी बेडरूम दहा बाय बाराची आहे. तुम्ही ती एवढी-एवढीशी कशी केली?’

झालं होतं असं. लेझर मीटर अंतर कुठून मोजतो ते ठरवायचं एक बटण असतं: यंत्राच्या मागच्या कडेपासून किंवा पुढच्या कडेपासून. नेहमी मागची कड धरलेली असते. माझ्या पर्समध्ये बटण दाबलं जाऊन पुढची झाली होती. मी यंत्राची पाठ भिंतीला टेकवत होते आणि ते आपली स्वतःची ११ सेंटिमीटर लांबी सोडून आकडा देत होतं. ३.०५ बाय ३.६६ ची खोली २.९४ बाय ३.५५ झाली. एका खोलीत जवळजवळ आठ चौरस फूट गेले. टेपने अशी चूक होत नाही. टेपने हात थरथरला तर एका खोलीत चूक होते, लेझरने सगळ्या खोल्यांत सारखीच होते, आणि आकडे दोन दशांशांपर्यंत देखणे असल्यामुळे शंकाच येत नाही. ॲपनेही ते आकडे बिनतक्रार घेतले. त्याच्या दृष्टीने २.९४ ही तितकीच चांगली खोली होती.

सुधारित रिपोर्ट दिला, बँकेला कारण लेखी दिलं, त्या गृहस्थांची माफी मागितली. तेव्हापासून प्रत्येक साइटवर पहिली खोली टेपने आणि लेझरने, दोन्हींनी मोजते. बेरजेचा करारापेक्षा फरक तीन टक्क्यांच्या वर गेला की आधी स्वतःवर संशय, मग बिल्डरवर.

लोकेशनचंही तसंच. शिवाजी पेठेतल्या बोळात, दोन्हीकडे तीन मजली भिंती, तिथे फोनचं लोकेशन वीस-तीस मीटर सहज सरकतं. माझा एक बिंदू पलीकडच्या गल्लीत पडला आणि बँकेतून फोन आला, ‘तुम्ही दुसऱ्याच घरात गेला होतात का?’ आता बोळात शिरण्याआधी मोकळ्यावर उभी राहते, मिनिटभर थांबते, नकाशावरचा ठिपका खरंच माझ्या पायाखाली आलाय का ते बघते आणि मगच पहिला फोटो काढते. फोटो ॲपला आठ हवे असतात: समोरून, रस्ता, जिना, खोल्या, मालकासोबत सेल्फी. मी पंचवीस काढते. आठ चढवते, बाकीचे माझ्या फाइलला. ॲप कधीच न मागणारे फोटो हेच पुढे कामाला येतात: स्लॅबची खालची बाजू, बाल्कनीचं खचलेलं टोक, सांडपाण्याची लाइन कुठे जाते ते, आणि घरापर्यंत येणारा रस्ता खरंच सार्वजनिक आहे की कोणाच्या अंगणातून जातोय ते.

सगळं नवं वाईट आहे असं मात्र समजू नका. तीन तुलनात्मक व्यवहार दस्त क्रमांकासह मागणं, ही पोर्टलने लावलेली सर्वांत चांगली सवय. पूर्वी आपण ‘स्थानिक चौकशीवरून दर’ लिहायचो आणि चौकशी म्हणजे एक एजंट आणि एक पानपट्टी. आता नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, घरबसल्या दिसते. पण तो आकडा कच्चा माल आहे. एका दस्तात क्षेत्र कार्पेट, दुसऱ्यात बिल्टअप (भिंतींसकट), तिसऱ्यात चौरस मीटर. सगळं एका मापावर आणल्याशिवाय (१ चौ.मी. म्हणजे १०.७६४ चौ.फूट) तुलना करणं म्हणजे पायली आणि लिटर एकत्र मिळवणं. आणि तिन्हींपैकी एक व्यवहार सख्ख्या भावंडांमधला निघतो, म्हणजे त्यातला दर बाजारातला नाही. आडनाव तेच असेल तर कोणालाही कळेल. बहिणीच्या सासरच्या आडनावाने झालेला असेल तर तो फक्त तुमच्या वडिलांना कळेल.

एक तक्रार करून टाकते. काही पोर्टलवर बाजारमूल्य टाकलं की त्याच्या ९० टक्के वसुलीयोग्य मूल्य आणि ८० टक्के सक्तीच्या विक्रीचं मूल्य आपोआप येतं. जणू आमच्या कोल्हापुरातल्या संभाजीनगरातला सहज खपणारा फ्लॅट आणि एखाद्या गावठाणातला एक तृतीयांश अविभक्त हिस्सा लिलावात सारखाच विकला जातो! त्या हिस्स्याला भावकीबाहेरचं गिऱ्हाईक कोण येणार? टक्का बदलता येत असेल तर बदला आणि कारण लिहा. रकाना कुलूपबंद असेल तर शेऱ्यात लिहा, शिवाय शाखेला ईमेल करा आणि तो जपून ठेवा. कर्ज थकलं, जप्ती झाली, लिलावाला कोणी आलं नाही, की कपाटातून पहिला निघतो तो आपला रिपोर्ट. ‘ते सिस्टीमने काढलं होतं’ हे उत्तर तेव्हा चालत नाही, कारण खाली सही सिस्टीमची नसते.

घसाऱ्याचंही थोडंफार असंच, इमारतीचं वय टाका की घसारा तयार. त्यावर फार लिहीत नाही. इमारत बघा, वय नका बघू, एवढंच.

इथवरचं थोडक्यात: वडिलांनी लगेच सोडू नये, कारण मशीनला जे कळत नाही तेच त्यांना येतं. पण ते जुन्या परिच्छेदात लिहून आता कोणी वाचणार नाही, मोजक्या ओळींत आणि आकड्यांत आणावं लागेल. ते काम तुम्ही करू शकता.

आता तुमचं. नोकरी आज सोडू नका. कंपनी कायद्याच्या २०१७ च्या नोंदणीकृत मूल्यांकनकार नियमांनुसार जमीन-इमारत या वर्गात नोंदणीसाठी सिव्हिलच्या पदवीनंतर पाच वर्षांचा अनुभव लागतो. शिवाय मूल्यांकनकारांच्या मान्यताप्राप्त संघटनेचं सदस्यत्व, ५० तासांचा अभ्यासक्रम आणि संगणकावरची परीक्षा. परीक्षेत इमारतीपेक्षा कायदा आणि अर्थशास्त्रच जास्त छळतं, तयारीला सहा महिने धरा. सगळ्याच बँका ही नोंदणी मागत नाहीत, गृहकर्जाला बऱ्याच ठिकाणी ३४एबी चालतं. पण तुमच्यापुढे तीस वर्षं आहेत, तुम्ही दोन्हींचा विचार करा. पैशाचंही स्पष्ट सांगते. पोर्टल आल्यापासून एका रिपोर्टाचा वेळ वाढला, फी वाढली नाही. पहिले सहा महिने तुम्हाला वाटेल की नोकरी बरी होती.

तोवर शनिवार-रविवारी वडिलांबरोबर साइटवर जा. ते बोलतील, तुम्ही भरा. पण एक गोष्ट कटाक्षाने पाळा: वडिलांच्या लॉगिनने तुम्ही एकट्याने साइटला जायचं नाही. ‘बाबांचा फोनच तर आहे’ म्हणून पोरं जातात, सेल्फीत बापाच्या जागी पोरगा दिसतो आणि पॅनलवरून नाव जातं. मदतनीस पाठवायला चालतो का, हे प्रत्येक बँकेला लेखी विचारा. काही हो म्हणतात, काही नाही. चालत असलं तरी वादग्रस्त, मोठ्या किंवा पहिल्यांदाच बघत असलेल्या मिळकतीला सही करणाऱ्यानेच गेलं पाहिजे.

आणखी एक मोह आत्ताच बोलून ठेवते. तुमच्या पिढीला शेरे एआयकडून लिहून घ्यावेसे वाटतील. बोलून टाइप करायला, इंग्रजी सुधारायला खुशाल वापरा. तुलनात्मक व्यवहार त्याला विचारू नका, तो अगदी आत्मविश्वासाने नसलेला दस्त क्रमांक देतो. आणि लोकांची खरेदीखतं, आधार कार्डं कुठल्याही फुकट ॲपवर चढवू नका. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा बाजूला ठेवला तरी, ती कागदपत्रं त्यांनी बँकेसाठी दिलेली असतात.

नोंदी किती ठेवायच्या, तर २०१७ च्या त्याच नियमांत प्रत्येक कामाच्या नोंदी किमान तीन वर्षं ठेवायला सांगितल्यात. मी कर्ज जिवंत असेपर्यंत ठेवते. पोर्टलवर चढवलेलं उद्या आपल्याला दिसेलच असं नाही. पॅनल बदललं की लॉगिन बंद, आणि आपलाच रिपोर्ट आपल्याला मिळत नाही. सबमिट करण्याआधी प्रत्येक पानाची पीडीएफ काढून ठेवा. वडिलांच्या डायऱ्या असतील तर त्याही स्कॅन करा, कुठल्या गल्लीत कुठल्या साली काय दर होता ते आता दुसरीकडे कुठेच मिळणार नाही.

राहिली साधनं. फोन महागडा नको, पण बँकेचं ॲप ज्या आवृत्तीवर चालतं ती असलेला, भरपूर जागेचा, आणि सोबत पॉवर बँक. जिन्याखाली आणि पोटमाळ्यावर बघायला चांगली बॅटरी. लेझर मीटर ४० मीटरचा पुरे, शंभर मीटरवाल्याची घरांना गरज नसते. भर दुपारी गच्चीवर त्याचा लाल ठिपका दिसतच नाही, तिथे टेपच काढा. आणि लेझर आणल्याच्या दिवशी तुमच्याच घरातली एक खोली दोन्हींनी मोजून बघा. दहा-बारा सेंटिमीटरचा फरक आला, तर ते कडेचं बटण कुठलं ते आधी माहितीपत्रकात शोधा.